काळू नदीवरची आगबोट

आमच्या पिंपळघरला समुद्र नव्हता, ही चूक पिंपळघरची. गोमाजी कप्तानाची नव्हे. सव्वीस वर्षं किनाऱ्याच्या आगबोटीवर नोकरी करून, डोक्यावर चकचकीत टोकाची टोपी घालून तो बिचारा गावी परतला, तेव्हा गावाने त्याच्यासाठी निदान एखादी खाडी तरी तयार ठेवायला हवी होती. गावाने काय ठेवलं होतं, तर काळू नदी. तीही उन्हाळ्यात अशी, की बेडकाने उडी मारली तर त्याचेच गुडघे फुटावेत.

मी तेव्हा मास्तर होतो. राहायला अलीकडे पिंपळघरात, म्हणजे शहापूर तालुक्यात. शाळा पलीकडे उंबरवाडीत, म्हणजे मुरबाड तालुक्यात. रोज एका तालुक्यात जेवून दुसऱ्या तालुक्यात शिकवायला जाणारा माणूस मी, आणि मध्ये गोमाजी. त्यामुळे त्याच्या थापा जितक्या मी ऐकल्या तितक्या त्याच्या बायकोनेही ऐकल्या नसतील. ती ऐकत नसे, हे त्याचं एक कारण.

गोमाजी उंचीला साडेपाच फूट आणि बोलायला लागला की सात. इंग्रजांच्या काळात मुंबई ते गोवा जाणाऱ्या आगबोटी म्हणे त्याच्या नाकावर चालत.

"होकायंत्र होतं, पन ते शोभेला," तो सांगे. "धुकं पडलं की गोरा साहेब मला पुढं उभा करायचा आन् म्हनायचा, गोमाजी, हुंग! सुकटीचा वास आला की हर्णै. आंब्याचा आला की रत्नागिरी. काजूच्या बोंडांचा आला की वेंगुर्लं. एकदा मला पडसं झालं, तर बोट सरळ कारवारला गेली!"

"बोटीवर बसून रत्नागिरीचे आंबे हुंगायचा," त्याची बायको बायजा चुलीपुढून म्हणे, "आन् घरात भात करपला तर याला वास येत नाय."

यावर गोमाजी टोपी सरळ करी आणि मला हळूच सांगे, "बायकांना दर्या कळत नाय, मास्तर."

आता बायजाला दर्या कळत नव्हता हे खरं, पण काळू तिला तळहातासारखी कळत होती. तिचा बाप बुधाजी जन्मभर या नदीवर तर चालवत होता. तर म्हणजे माणसं नेणारी लाकडी, सपाट बुडाची होडी. बायजा चालायला शिकली ती त्या होडीत आणि बोलायला शिकली ती उतारूंशी भांडून. हातात बांबू घेऊन ती पुराच्या पाण्यात होडी अशी घाले, की वाटावं ही भाकरी थापते आहे. मग बुधाजी वारला आणि तरीला माणूस हवा म्हणून ठाण्याच्या लोकल बोर्डाचे एक साहेब शहापूरच्या बंगल्यात येऊन बसले. बायजा पुढे झाली. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मागच्या भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाईच्या हातात सरकारी होडी कशी देणार? घरात पुरुष कोणी?"

पुरुष दाराबाहेर टोपी पुसत उभाच होता.

"अनुभव?"

"सव्वीस वर्षं. मुंबई ते गोवा."

संपलं. ज्याने अरबी समुद्र हाकला त्याला काळू म्हणजे बशीतला चहा, असा सरकारी विचार झाला आणि गोमाजीच्या नावाचा कागद निघाला. सरकार विचार करत नाही असं जे म्हणतात, त्यांना मी हा दाखला देतो. सरकार विचार करतं. म्हणून तर पंचाईत होते.

दिवाळी झाली आणि गोमाजीने कारभार हाती घेतला. बुधाजीच्या वेळी माणसं होडीत बसत आणि पलीकडे उतरत. हा काय प्रवास झाला? गोमाजीने पहिल्या दिवशी होडीच्या पुढच्या फळीवर गोणपाट अंथरून तिचा फस्क्लास केला. उरलेली होडी डेक. तिकिटं पळसाच्या पानाची. फस्क्लासला अख्खं पान, डेकला फाडलेलं. भोंगा म्हणून रेड्याचं शिंग. पहिला भोंगा झाला की उतारूंनी सामान आवरायचं, दुसऱ्याला बसायचं, आणि तिसऱ्यानंतर साक्षात ब्रह्मदेव आला तरी त्याने पुढच्या फेरीला यायचं.

ब्रह्मदेव आला नाही, पण आमचे पोलीस पाटील आले. त्यांचा एक पाय होडीत आणि एक काठावर असताना तिसरा भोंगा झाला. गोमाजीने त्यांचा आतला पाय उचलून अदबीने काठावर ठेवला आणि होडी सोडली. पौषाचे दिवस, नदीला गुडघाभर पाणी. पाटील धोतर वर धरून चालत पलीकडे पोचले, बसले, तंबाखू मळली, खाल्ली, थुंकली, तरी आगबोट नदीच्या मध्यावरच होती. ती वाळूत रुतली होती आणि सगळे उतारू खाली उतरून तिला हलवत होते. फस्क्लासचा फायदा एवढाच, की त्यांना मागून ढकलावं लागत नसे, पुढून ओढायचं. मग सगळे पुन्हा वर चढून आपापल्या वर्गात बसत, आणि गोमाजी कपाळावर हात आडवा धरून तीस हातांवरच्या उंबरवाडीकडे अशा नजरेने बघे, की दीपगृह दिसतंय की नाही!

बरं, पलीकडे पोचलात म्हणून लगेच उतरायचं नाही.

"ल्हान बंदरात आगबोट धक्क्याला लागत नाय," गोमाजी समजावून सांगे. "बाहेर नांगर टाकते. मग किनाऱ्यावरून पडाव येतो, उतारू शिडीवरून पडावात, आन् पडाव किनाऱ्याला. सगळ्या किनाऱ्याची रीत हाय ती."

पडाव कुठून आणायचा? त्याच्याकडे एक म्हैस होती. काठापासून दहा हातांवर नांगर म्हणजे दोराला बांधलेला दगड पडे, शिंग फुंकलं जाई, आणि चरायची थांबून म्हैस पाण्यात येई. एकदा शाळा तपासायला आलेल्या साहेबांना त्याने मानाने पहिल्यांदा उतरवलं. साहेब बसले, म्हैसही बसली. भर पाण्यात, डोहात, डोळे मिटून. साहेबांचा तपासणीचा कागद महिनाभराने आला; त्यात माझ्या शाळेबद्दल अक्षर नव्हतं, म्हशीबद्दल दीड पान होतं.

लोक हे सगळं हसण्यावारी नेत, कारण खरं सांगायचं तर कोरड्या दिवसांत तरीची कुणाला गरजच नसे. माणसं करमणूक म्हणून बसत. बुधाजी तर मार्गशीर्षापासून होडी आंब्याखाली पालथी घालून ठेवी आणि तिच्याखाली कुत्री व्यायची. होडी लागायची ती पावसाळ्यात. चार महिने. काळू चढली की उंबरवाडी म्हणजे बेट. तेव्हा आता पावसाळा येऊ दे, कप्तानाची खरी आगबोट बघू, असं सगळे म्हणत होते.

पावसाळा आला. ज्येष्ठाच्या शेवटी नदीने रंग बदलला, आणि त्याच दिवशी गोमाजीने होडी चार बैल लावून काठावर ओढली, आंब्याखाली पालथी घातली, साखळदंडाने बुंध्याला बांधली आणि वर एक फळा टांगून त्यावर खडूने लिहून टाकलं: मोसम बंद. नारळी पौर्णिमेस सुरू.

गावाला वाटलं, चेष्टा आहे. चेष्टा नव्हती.

"जेठ लागला की किनाऱ्याच्या सगळ्या आगबोटी बंद," गोमाजी म्हणाला. "पुनवेला नारळ पडला की चालू. इंग्रजाच्या राजानं सांगितलं तरी बोट सुटायची नाय."

"अरे, पण ही नदी आहे!" पाटील ओरडले.

"पानी ते पानी."

"अरे, आठ महिने लोक चालत जातात तेव्हा तू बोट सोडतोस, आणि बुडायची वेळ आली की बंद?"

"बुडायची वेळ येते म्हनूनच बंद," गोमाजी शांतपणे म्हणाला.  

या प्रकरणी माझी भूमिकाही सांगून टाकतो. बोट बंद म्हणजे शाळा बंद. म्हणून मी चावडीवर जाऊन जाहीर संताप व्यक्त केला आणि घरी येऊन झोपलो. दोन दिवस फार चांगले गेले.

तिसऱ्या दिवशी सोमीचा आवाज आला.

सोमी म्हणजे उंबरवाडीच्या आवणीच्या टोळीची पुढारीण. आषाढात भाताचं रोप उपटून चिखलात लावायचं ते आवणीचं काम. त्यासाठी वाडीतली तीसेक माणसं दरसाल तिच्यामागून नदी ओलांडून पिंपळघरात येत. वाडीत जमीन कुणाच्याच नावावर नाही. या पंधरा दिवसांत मजुरीचं जे भात मिळे, त्यावर वाडीच्या चुली गौरी-गणपतीपर्यंत पेटत. इकडे आमच्या शेतकऱ्यांचं रोप तयार, चिखलणी झालेली. आणि रोप काही पुनवेपर्यंत थांबत नाही. ते जून झालं, त्याने गाठ धरली, की मग लावलं काय आणि बैलापुढे टाकलं काय. दोन्ही काठांवर माणसं आभाळाकडे न बघता गोमाजीकडे बघत होती.

सोमी पलीकडच्या कातळावर उभी राहिली आणि तिने तोंड उघडलं. काळूचा एवढा घोंघाट, पण तिचा आवाज त्याच्यावरून यायचा. खाली टिटवाळ्याला म्हणे नदीत आंघोळीला उतरलेली माणसं कानांत बोटं घालून बुडी मारत.

"ए कप्तान! बोट अंड्यांवर बसवलीस का रे?"

"मोसम बंद हाय!" इकडून गोमाजी.

"आमचं पोट बंद नाय ना पन!"

"पुनवेला ये!"

"पुनवेला तुज्या टाळक्यावर रोप लावीन, मुडद्या! खाली ये नि बोल! बायकोच्या बापाची होडी घेऊन मिशा पिळतो!"

"आगबोटीच्या मान्साला असं बोलतेस?"

"आगबोट? तुज्या बोटीला आग लागली तरी चालंल रे, पन आदी आमाला पलीकडं ने!"

असं चार दिवस. पाटलांनी बायजालाही गाठलं. ती म्हणाली, "कागद त्याच्या नावाचा. मी सोडली आन् काय झालं, तर बाईनं होडी बुडवली म्हनून सात पिढ्या बोंबलाल. तवा कुठं होतात, जवा साहेब भिंतीशी बोलत होता?" पाटील तिथून निघाले ते थेट घरी गेले.

सातव्या दिवशी सकाळी सोमी ओरडली नाही. म्हणून आम्ही काठावर धावलो. तिने दोन सुके भोपळे काखांखाली बांधले होते आणि ती पाण्यात उतरत होती. मागे आणखी आठ-नऊ बाया, त्यांच्याही काखांत भोपळे. पोहायला ती माणसं पटाईत. पण त्या दिवशीच्या काळूत अख्खी झाडं मुळांसकट चालली होती. पाणी सोमीच्या छातीला लागलं, तिचा पाय सुटला, आणि ती पन्नास हात खाली जाऊन एका करंजाच्या फांदीला लटकली. कशीबशी वर आली. बसली, खोकली, आणि पुन्हा भोपळे घट्ट करू लागली.

बायजाने कोयत्याच्या पाठीने साखळीचं कुलूप तोडलं.

गोमाजी चिखलात बसला. टोपी मांडीवर. मी त्याच्या शेजारीच होतो, म्हणून जे ऐकलं ते माझ्या कानांनी, आणि यात माझ्या पदरचं एक अक्षर नाही. एरवी मी घालतो, हे कबूल.

"बायजा, मला होडी नाय येत हाकता."

"ते मला लग्नापासनं ठाव हाय."

"मी कदी सुकानूला हात नाय लावला. सव्वीस वर्षं शिडीच्या तळाशी हुबा. पडाव लाटेवर वर आला की उतारूचा हात धरायचा न् सांगायचं, टाक पाय. एवढंच काम माजं. बायामान्सं, म्हातारी, पोरं. हात द्यायचा न् पडावात उतरवायचं."

बायजाने त्याच्याकडे पाहिलं. "पडलं कोन कदी?"

त्याने टोपीवरचा चिखल अंगठ्याने पुसला. मग म्हणाला, "एक. म्हातारी. जेठ लागला होता, शेवटची फेरी. मी घाई केली. लाट खाली होती न् मी टाक म्हनालो. तिनं ऐकलं."

"घावली?"

"नाय."

 बायजाने बांबू उचलला.

"मग आज घाई करू नको," ती म्हणाली. "ऊठ."

तो उठला. होडी पाण्यात गेली. शिंग फुंकायचं राहिलं, तिकिटं राहिली, फस्क्लासचं गोणपाट चिखलात पडून राहिलं. मागे बायजा बांबूवर, मध्ये पाटलांचे दोन गडी वल्ह्यांवर, आणि तेलाचा रिकामा डबा घेऊन पाणी उपसायला मी. मी होडीत स्वेच्छेने चढलो असं पुढे मी अनेकांना सांगितलं आहे. वस्तुतः पाटलांनी ढकललं होतं. नदी कशी पार केली ते विचारू नका, कारण माझे डोळे मिटलेले होते. एवढं कळत होतं, की पाणी आम्हाला टिटवाळ्याला नेऊ बघतं आहे आणि बायजा त्याला बुधाजीच्या शिव्या देऊन नाही म्हणते आहे.

पलीकडे घाट पाण्याखाली. माणसं उभी होती तो फक्त एक कातळ. होडी त्याला लागेना. हातभर वर जाई, हातभर खाली, आणि मधे पाण्याची फट उघडे आणि मिटे. गोमाजी कडेच्या फळीवर उभा राहिला. डाव्या हाताला दोराचा वेढा, उजवा हात पुढे. आणि तो माणूस एकदम वेगळाच झाला हो. नाकाने आंबे हुंगणारा, दीपगृह शोधणारा गोमाजी कुठे गेला कोण जाणे. तो माणसांकडे बघतच नव्हता. त्यांच्या पायांखालच्या पाण्याकडे बघत होता.

"थांब. थांब, आजे. अजून नाय. टाक!"

म्हातारी होडीत. पदराचं टोकही भिजलं नाही.

"पोर हिकडं दे. तू थांब. थांब. टाक!"

एकामागून एक. आवाज चढला नाही. दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला सोमी शेवटची उरली. कातळावर एकटी, काखेत अजून भोपळे.

"टाक!"

तिने टाकला नाही. "तुजं ऐकू? सात दिस घरी बसवलंस, मेल्या, न् आता तुजं ऐकू?"

होडी खाली गेली, वर आली. बायजाच्या हातातला बांबू वाकला होता.

"आज ऐक, सोमे," गोमाजी म्हणाला. "शिव्या उद्या घाल. मी हितंच हाय."

सोमीने त्याच्या हाताकडे पाहिलं. मग पाण्याकडे. लाट वर आली.

"टाक!"

तिने पाय टाकला.

त्या दिवशी दुपारपासून पिंपळघरच्या शेतांत आवणी लागली आणि वेळेत पुरी झाली. सोमीने दुसऱ्या दिवशी सकाळी, ठरल्याप्रमाणे, उरलेल्या शिव्या घातल्या. गोमाजीने त्या टोपी काढून ऐकल्या.

गंमत म्हणजे, पडशाने कारवारला गेलेली बोट तो पुढेही सांगत राहिला, उलट ती आणखी दूर जाऊ लागली. मी बदलून गेलो तेव्हा ती मंगळूर ओलांडून गेली होती. पण त्या दिवसाबद्दल त्याने कधी फुशारकी मारली नाही. कुणी विषय काढलाच तर म्हणे, "बायजानं नेली." तरीचे साहेब पुढच्या श्रावणात पाहणीला आले, तर बांबू बाईच्या हातात. साहेब चमकले. "कप्तान कोण इथे?" गोमाजीने मागे बोट दाखवलं. "कप्तान ती. मी शिडीवर." साहेबांना यावर बरंच काही लिहायचं असावं, पण होडी तेव्हा ऐन धारेत होती, आणि धारेत सरकारसुद्धा समजूतदार होतं.

साठ सालानंतर तिथे पूल झाला. पुलावर आता एस.टी. धावते, कुणाला कुणाचा हात धरावा लागत नाही, आणि त्यामुळे कुणी कुणाला ओळखतही नाही. प्रगती याहून वेगळी नसते, असं ऐकतो.

माझी बदली मुरबाडला झाली ती पुलाच्या आधी, भर आषाढात. ट्रंक, वळकटी, एक कंदील आणि मी. होडीत गर्दी: आवणी आटोपून घरी निघालेल्या बाया, धसईच्या बाजाराला निघालेली दोन माणसं. मी आदल्या दिवशी एक छोटंसं निरोपाचं भाषण तयार केलं होतं. त्यात गोमाजीला मी दर्यावर्दी वगैरे म्हटलं होतं; इतकी वर्षं थापा ऐकल्यावर एक थाप परत करणं भाग होतं. पलीकडे होडी कातळाशी वर-खाली होऊ लागली. गोमाजी कडेला. मी घसा साफ केला.

"गोमाजी, इतक्या वर्षांनी आज..."

"थांबा, मास्तर. अजून नाय."

"मी म्हणत होतो की..."

"टाका!"

मी पाय टाकला. हात घट्ट, खरखरीत, आणि सुटला तेव्हा मी कातळावर होतो. ट्रंक मागून आली. भाषणाचा कागद खिशात तसाच. वर चढून गेल्यावर मी वळलो आणि छत्री उंच करून हलवली. बायजाने बांबूवरून मान वर करून पाहिलं. गोमाजीने पाहिलं नाही. माझ्यामागे एक बाई होती, कडेवर मूल घेतलेली, आणि तो तिच्या पायाखालचं पाणी वर यायची वाट बघत होता.